शेजारच्या बाकावरचा पाहुणा



पावसाळा सरला की आपल्या धर्मग्रामात लग्नांची गडबड सुरू होते आणि मधला आगमनकाळ सोडला तर ती जानेवारीअखेरपर्यंत चालते. परवा लग्नाचे कागद घेऊन कार्यालयात आलेल्या एका मुलीने मला विचारले, "फादर, माझ्या ऑफिसातली पंधरा-वीस माणसं मिस्साला येणार आहेत. त्यांतल्या एकानेही आजवर चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. ती मला सारखी विचारतात, आत गेल्यावर काय करायचं असतं? मी काय सांगू?"

मी म्हणालो, "सांग त्यांना, दार उघडं आहे. आत या, बसा, आणि काही कळलं नाही तर शेजारच्याला विचारा."

ती समाधानाने गेली. मी मात्र त्या 'शेजारच्या'पाशी अडलो. शेजारी कोण असणार? तुम्हीच. म्हणून आजचे हे पान पाहुण्यांसाठी थोडे आणि त्यांच्या बाजूला बसणाऱ्यांसाठी जास्त लिहिले आहे. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी ते कापून आमंत्रणपत्रिकेबरोबर पाठवले तरी हरकत नाही.

आपल्यातले बहुतेक जण आईच्या कडेवर चर्चमध्ये आले. कधी उभे राहायचे, कधी बसायचे, कधी गुडघे टेकायचे हे आपण शिकलो कधी, तेही आठवत नाही. त्यामुळे नव्या माणसाला आपली उपासना कशी दिसत असेल याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही. पंडिता रमाबाईंनी ती आपल्यासाठी लिहून ठेवली आहे. १८७८ साली त्या भावाबरोबर कलकत्त्याला पोहोचल्या. वय वीस, आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेलेली, आणि संस्कृत पुराणे तोंडपाठ. तिथल्या काही ख्रिस्ती मंडळींनी त्यांना आपल्या मेळाव्याला बोलावले. पुढे आपली साक्ष लिहिताना रमाबाई त्या दिवसाची आठवण सांगतात. लोकांनी गाणी म्हटली, एकाने पुस्तक उघडून त्यातले काही वाचले, मग सगळे आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही बोलू लागले. समोर मूर्ती तर कुठेच नव्हती. तेव्हा रमाबाईंना वाटले, ही माणसे खुर्च्यांनाच भजत आहेत!

हसू येते, पण ही बाई अडाणी नव्हती. 'पंडिता' हा किताब त्यांना त्याच कलकत्त्याने दिला. त्या मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. पण भेट देणे वेगळे आणि बाजूला बसून "आम्ही खुर्चीला नाही, न दिसणाऱ्या देवाला हात जोडतो" असे दोन शब्द आपलेपणाने समजावणे वेगळे. तो मेळावा प्रॉटेस्टंट बांधवांचा होता आणि रमाबाईंचा पुढचा बाप्तिस्माही, १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेज येथे, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. आपल्याकडे तर मूर्ती आहेत, मेणबत्त्या आहेत, धूप आहे, घंटा आहे आणि वर गुडघे टेकायच्या फळ्याही आहेत. पाहुण्याच्या गोंधळाला आपण अधिकच सामग्री पुरवतो.

दारापासून सुरुवात करू. हिंदू शेजारी आला की तो पायऱ्यांशी थबकतो आणि चपला कुठे काढायच्या ते शोधतो. काही चर्चमध्ये चपला बाहेर काढायची पद्धत आहे, आपल्याकडे नाही. त्याने काढल्या तर काढू द्याव्यात. पवित्र जागी अनवाणी उभे राहायला देवाने मोशेला सांगितलेच होते. मग दाराशी आशीर्वादित पाण्याचे भांडे दिसते. आपण बोटे बुडवून क्रूसाची खूण करतो, आपल्या बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. पाहुणा मात्र ओंजळ पुढे करतो, कारण देवळात तीर्थ प्यायचे असते. त्याला हळूच सांगावे, हसू नये. बायका डोक्यावर पदर घेतात. आपल्या आज्याही घेत असत. काही जण वर पाहून घंटा शोधतात. देवळात आल्याची वर्दी ज्याची त्याने द्यायची असते, आपल्याकडे घंटा वेदीसेवकाच्या हाती असते आणि ती भाकर व द्राक्षरसाच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी वाजते. पवित्र साक्रामेंत ठेवलेल्या पेटीजवळ अखंड जळणारा लाल दिवा मात्र पाहुण्याला न सांगता समजतो. नंदादीप कशासाठी असतो हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही.

हे सारे वरवरचे झाले. खरा फरक पुढे आहे. देवळात जाणारा दर्शनाला जातो. आपल्या सवडीने जावे, हात जोडावेत, प्रदक्षिणा घालावी, प्रसाद घ्यावा आणि निघावे. आपल्या चर्चमध्येही दुपारच्या वेळी असे कुणी तरी येऊन शांत बसलेले असते आणि त्यात ख्रिस्ती नसलेलेही असतात. त्यांना कुणी उठवू नये. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तिथे आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत रांगेत उभे राहून पाहा, निम्म्या हातांतल्या मेणबत्त्या कोणत्या धर्माच्या हे सांगता येणार नाही. मिस्सा मात्र दर्शन नव्हे. ती सभा आहे. तिला ठरलेली वेळ असते, सुरुवात असते, शेवट असतो, आणि एकट्याने ती पुरी होत नाही. आपली जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणत आणि त्यात गैर काही नव्हते. पण गोव्याकडचा 'इगर्ज' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे त्याचा अर्थ बोलावून जमवलेली माणसे असा आहे. आपण 'ख्रिस्तसभा' म्हणतो ते त्याच अर्थाने. म्हणजे पाहुणा इमारत बघायला आला, तरी त्याला भेटते ती माणसांची सभा.

या सभेत काय घडते ते कुणा बाहेरच्याला कसे सांगावे? हे काम आपल्या आधी एका तत्त्वज्ञाने केले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ज्यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा वाटला, त्यांतले हे एक, संत जस्टिन. पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लस गावचा हा माणूस आधी स्टोइक गुरूकडे गेला, मग दुसऱ्याकडे (त्या गुरूने लगेच फीची गोष्ट काढली म्हणून शिष्याने रामराम ठोकला), मग पायथागोरसपंथीयाकडे, मग प्लेटोच्या अनुयायांकडे. शेवटी समुद्राजवळ भेटलेल्या एका वृद्धाच्या बोलण्यातून तो ख्रिस्ताकडे वळला. पुढे रोममध्ये राहून, तत्त्वज्ञाचा झगा न उतरवता, त्याने सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून एक निवेदन लिहिले. साल साधारण १५५. ख्रिस्ती लोक बंद दाराआड काहीतरी भयंकर करतात अशी कुजबुज तेव्हा होती. जस्टिनने सरळ सांगून टाकले की आम्ही काय करतो ते ऐका.

त्याने सांगितलेला क्रम असा. रविवारी गावातले आणि शहरातले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग प्रमुख उपदेश करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षरस आणि पाणी आणले जाते. प्रमुख उपकारस्तुती करतो, लोक 'आमेन' म्हणतात, ते सर्वांना वाटले जाते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना घरी पोहोचवले जाते. ज्याला ऐपत आणि इच्छा आहे तो दान देतो. ते दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांच्यासाठी खर्च होते.

परवाच्या मुलीने ऑफिसात हीच यादी वाचून दाखवली तर पुरेल. जवळजवळ १८७० वर्षांत सांगाडा बदललेला नाही. मिस्साविषयीचे इतके जुने आणि सविस्तर वर्णन आपल्या हाती आहे, याचे कारण ते बाहेरच्या माणसासाठी लिहिले गेले! आपण एकमेकांसाठी काही लिहून ठेवत नाही, सगळ्यांना माहीतच असते. पाहुणा विचारतो म्हणून घरच्यालाही आपले घर नीट दिसते.

लग्नाच्या मिस्सात वाचन व प्रवचनानंतर वधूवर संमती देतात, अंगठ्यांना आशीर्वाद होतो, आणि मग पुढचे सारे तसेच. साधारण तास-सव्वा तास लागतो. पाहुण्यांना वेळ आधीच सांगितली म्हणजे ते घड्याळ बघत बसत नाहीत.

उभे राहणे आणि बसणे इतरांबरोबर केले की झाले. गुडघे टेकलेच पाहिजेत असे नाही, बसून राहिले तरी कुणाचा अवमान होत नाही. क्रूसाची खूण त्यांनी करायची नाही. आपण त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये, कारण ती खूण म्हणजे श्रद्धेचा कबुलीजबाब आहे आणि कबुली कुणाच्या आग्रहावरून देता येत नाही. उत्तरे त्यांना पाठ नसणार. संत पौलाने करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न विचारला होता. तुम्ही न कळणाऱ्या भाषेत देवाची स्तुती कराल, तर आलेला बाहेरचा माणूस तुमच्या प्रार्थनेला 'आमेन' कसे म्हणणार? (१ करिंथ १४:१६) पहिल्या शतकातल्या घरगुती सभेतही कोपऱ्यात कुणी तरी नवखा बसलेला असे आणि पौलाचे लक्ष त्याच्याकडे होते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्यामुळे आपली मिस्सा मराठीत आली. आपल्या आजोबांनी लॅटिन ऐकली. म्हणजे आजचा मराठी पाहुणा त्यांच्यापेक्षा भाग्यवान आहे, त्याला वाचन कानांनी कळते. वाचकांनी मात्र घाईघाईत वाचू नये. आपण ते वाचन आधी ऐकलेले असते, तो पहिल्यांदा ऐकत असतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे पाहुण्याला काहीच शिकवावे लागत नाही. शांतीचे अभिवादन करताना आपण वळून एकमेकांना नमस्कार करतो. १९६९ साली रोमने भारतातील उपासनेसाठी १२ स्थानिक रूपांना मान्यता दिली, त्यांतून हात जोडण्यासारख्या आपल्या रीती अधिकृतपणे वेदीपाशी आल्या. त्या क्षणी पाहुण्याकडे वळायला विसरू नका. कधी कधी असे होते की पुढच्या, मागच्या, पलीकडच्या ओळखीच्यांना नमस्कार होतात आणि मधला अनोळखी माणूस अर्धवट हात जोडून तसाच राहतो.

वेदीवरचा क्रूस हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. मोठी माणसे शिष्टाचार म्हणून विचारत नाहीत, मुले विचारतात: "तुमच्या देवाला असं का ठेवलंय? त्याला कुणी खाली का काढत नाही?" मला तरी वाटते, या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर देऊ नये. सवयीने आपल्याला त्या क्रूसावर सोनेरी नक्षी दिसते, पाहुण्याला खिळे दिसतात. त्याचे पाहणे अधिक खरे आहे. वैभवात, शस्त्रांसह, आशीर्वाद देणारा देव सगळीकडे भेटतो. इथे आपला देव हात पसरून मरताना दिसतो. त्याचा अर्थ असा की माणसाचे कुठलेही दुःख देवाला परके राहिलेले नाही. एवढे सांगता आले तर सांगावे. नाही सांगता आले तर "हो, आम्हालाही ते बघून कधी कधी वाईट वाटतं" एवढे म्हणणेही खोटे ठरणार नाही.

दानाची झोळी फिरते तेव्हा पाहुण्याची चुळबुळ सुरू होते. तिकीट आहे की काय असे वाटते. झोळी त्याच्यापुढे रेंगाळू देऊ नये. त्याने काही टाकले तर आनंद, नाही टाकले तर तितकाच आनंद. जस्टिनच्या शब्दांचा रोख आठवा, ज्याची ऐपत आणि इच्छा आहे त्याने.

आता कम्युनियन. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण सगळ्यांत जास्त मने इथेच दुखावतात.

आपण मराठीत 'ख्रिस्तप्रसाद' म्हणतो. शब्द गोड आहे, पण पाहुण्याची गफलत तिथेच होते. त्याच्या घरी प्रसाद नाकारणे हा अपमान आणि प्रसाद न देणे हा त्याहून मोठा अपमान. पंगतीतून कुणाला उठवावे तसे ते होईल. म्हणून लोक उठले की तोही आदराने उठतो, रांगेत लागतो, हात पुढे करतो. त्याचा हेतू शंभर टक्के शुद्ध असतो. अशा वेळी मागून कुणी तरी दंड धरून त्याला ओढले, मोठ्याने "तुम्ही नाही, तुम्ही नाही" म्हटले, तर मिस्साचे बाकी सारे तो विसरेल. एवढे लक्षात ठेवून घरी जाईल.

मग सर्वांनाच का देत नाही? हा प्रश्न आपल्या तरुणांनीही मला विचारला आहे. "येशू सर्वांबरोबर जेवत होता ना फादर?" होय, जकातदारांबरोबरही जेवत होता. त्या जेवणाला आपणही कुणाला अडवत नाही, लग्नाच्या जेवणाला सगळे आहेतच. पण वेदीवरची भाकर ही पाहुणचाराची वस्तू नाही. 'ख्रिस्ताचे शरीर' असे म्हटल्यावर जो 'आमेन' म्हणतो, तो म्हणतो की हे मी सत्य मानतो, याच्याशी मी माझे आयुष्य जोडले आहे. पाहुण्याच्या तोंडी असा शब्द घालणे म्हणजे त्याला न सांगता त्याची सही घेणे. त्याला वेगळे ठेवण्याशी याचा संबंध नाही. त्याच्या शब्दाला आपण किंमत देतो, म्हणून तो उसना घेत नाही. जस्टिननेही ही गोष्ट सम्राटापासून लपवली नाही. जो विश्वास ठेवतो, ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो ख्रिस्ताने सांगितल्याप्रमाणे जगतो, त्यालाच आम्ही हे देतो, असे त्याने स्पष्ट लिहिले. ज्यांना रोमची भीती होती त्या लोकांनी सम्राटाला खोटे आमंत्रण दिले नाही.

आपणही हे पाहुण्याला आधी सांगावे, रांगेत नव्हे. "आता आम्ही कम्युनियन घ्यायला जाऊ, तुम्ही इथे बसा, मी येतोच." इतके साधे. कुणी रांगेत आलेच तर धर्मगुरू त्याच्यावर हात ठेवून आशीर्वाद देईल, ती आमची काळजी. आणि एक ध्यानात घ्या, बापहो आणि मायबहिणींनो, आपल्यातलेही सगळे दर रविवारी रांगेत येत नाहीत. बसून राहिलेल्याकडे, मग तो कुणीही असो, वळून पाहू नये.

बसून राहिलेला पाहुणा त्या पाच-दहा मिनिटांत काय पाहतो? याविषयी एका स्त्रीची साक्ष आहे. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ ज्यू कुटुंबातली, पण कोणत्याही श्रद्धेत न वाढलेली. १९३८ साली ती पवित्र आठवड्यात सोलेमच्या बेनेदिक्तीन मठात दहा दिवस राहिली. भयंकर डोकेदुखी होती, प्रत्येक आवाज घणासारखा बसत होता, तरी ती प्रत्येक उपासनेला बसली. तिथे एक तरुण इंग्रज कॅथलिकही आलेला होता. त्याच्याविषयी ती एका धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात सांगते की कम्युनियन घेऊन परतताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज तिने पाहिले, त्यावरून साक्रामेंतात काही अलौकिक शक्ती असावी असे तिला प्रथमच वाटले. त्या तरुणाने तिला काही पटवून दिले नव्हते. तो आपल्या जागेवर परत जात होता, इतकेच. पुढेही वेल आपण चर्चच्या उंबरठ्यावरच उभ्या आहोत असे लिहीत राहिली, १९४३ साली तिचे निधन झाले.

हा प्रसंग वाचला की मला आपली रांग आठवते. परत येताना कुणी मोबाइल तपासतो, कुणी नव्या साडीकडे पाहतो, कुणी सरळ बाजूच्या दाराने स्कूटरकडे निघतो. बाकावर बसलेला पाहुणा हे सगळे पाहत असतो. आपण म्हणतो की आम्हाला देव भेटला, आणि तो आपल्या चेहऱ्याकडे बघतो.

लग्नाचे झाले, पण पुष्कळ शेजारी आपल्या चर्चमध्ये पहिल्यांदा येतात ते मयताला. तेव्हा पत्रिका नसते, आधी समजावणारे कुणी नसते. घरचे दुःखात असतात आणि पाहुणे फाटकाशी हार घेऊन उभे राहतात. आत जावे का, हार कुठे वाहावा, नमस्कार कसा करावा, काहीच ठाऊक नसते. शवपेटी वेदीसमोर का, पांढरा वेष का, त्या पेटीवर पाणी का शिंपडतात आणि धूप का देतात? बाप्तिस्म्याच्या दिवशी जे पाणी अंगावर पडले त्याचीच ती आठवण, आणि ज्या देहात देव वस्तीला होता त्याला शेवटचा मान म्हणून धूप. संत व्हिन्सेंट दी पॉल मंडळाच्या सभासदांना मी विनंती केली आहे की मयताच्या दिवशी त्यांच्यापैकी दोघांनी फाटकापाशी उभे राहावे आणि येणाऱ्यांना आत आणून बसवावे. गेलेल्या माणसाचा तीस वर्षांचा लोकलमधला सोबती मिस्सा संपेपर्यंत उन्हात उभा राहतो, हे बरे दिसत नाही.

बसवण्यावरून याकोबाच्या पत्राची आठवण येते. सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घालून एक जण तुमच्या सभेत येतो, मळक्या कपड्यांतला दुसरा येतो. पहिल्याला म्हणता, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणता, तू तिथे उभा राहा. (याकोब २:२-४) ख्रिस्तसभा अजून पुरती उभीही राहिली नव्हती आणि कोण कुठे बसतो यावरून पत्र लिहावे लागले होते! नाताळच्या रात्री आपल्याकडे नगरसेवक येतात, त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या मांडल्या जातात. मांडाव्यात, तेही पाहुणेच. पण आपल्या घरी धुणीभांडी करणारी मावशी मुलांना घेऊन गोठा बघायला येते, तीही पाहुणीच. तिला कुणी खुर्ची दिली का, एवढे यंदा बघा.

आणि एक पाहुणा असा आहे जो पहिल्यांदा येतच नाही. दर रविवारी तो फाटकापर्यंत येतो. बायकोमुलांना सोडतो, झाडाखाली स्कूटर लावतो, पेपर वाचतो, मिस्सा सुटली की त्यांना घेऊन जातो. आपल्या धर्मग्रामात अशी मिश्र विवाहाची घरे बरीच झाली आहेत. कुणाचा जावई, कुणाची सून. त्यांनी चर्चमध्येच लग्न केले आहे, बिशपांची रीतसर परवानगी घेऊन. त्या दिवशी ते वेदीपुढे उभे होते आणि त्यानंतर फाटकाबाहेर. मी एका जावईबापूंना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "आत आलो की सगळे बघतात फादर. काहींना वाटतं, आता हा होणार. आणि माझ्या घरच्यांनाही तेच वाटतं."

दोन्हीकडची भीती त्यांनी एका वाक्यात सांगितली. येणाऱ्याला वाटते, आत गेलो तर आपल्याला ओढून घेतील. आपल्याला वाटते, कुणाला बोलावले तर आपल्यावर आळ येईल. म्हणून तो बाहेर आणि आपण आत. चर्चची शिकवण याबाबत स्वच्छ आहे. १९६५ सालच्या परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे की श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या जाहीरनाम्यात, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. म्हणून पाहुण्याच्या हातात पत्रके कोंबू नका, पत्ता आणि फोन मागू नका, "मग कसं वाटलं, पुन्हा कधी येणार?" असे घोळसू नका. त्याने विचारले तर मनमोकळे सांगा, लपवण्यासारखे आपल्याकडे काही नाही. आपण शेजाऱ्यांच्या गणपतीला जातो, आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहतो. "तुम्ही आता आमच्यातले झालात" असे त्यांनी आपल्याला कधी म्हटले आहे का? चहा दिला, बसवले, मुलांची चौकशी केली. एवढे तर आपल्यालाही जमेल.

त्या जावईबापूंना मी म्हणालो, पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसा, पेपर घेऊन बसलात तरी चालेल. ते अजून आलेले नाहीत. कुणी त्यांना माझे नाव सांगून ओढून आणू नये.

तूर्त एवढेच ठरवले आहे. पॅरिश कौन्सिलच्या संमतीने, येत्या रविवारपासून डाव्या बाजूच्या दाराजवळचे शेवटचे दोन बाक पाहुण्यांसाठी मोकळे ठेवायचे. तिथून बाहेर पडणे सोपे आहे, वेदी नीट दिसते आणि पंखाही आहे. लग्नाच्या आणि मयताच्या मिस्सापूर्वी मी दोन मिनिटे मराठीत मिस्साचा क्रम सांगेन, कम्युनियनविषयी आधीच सांगेन. युवकांपैकी चार जणांची नावे हवी आहेत, दाराशी उभे राहायला. बोलके असावेत, फार बोलके नकोत. नावे कार्यालयात शनिवारपर्यंत द्यावीत.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू